कॉलरमागचे लेबल वाचा, मग सांगा कपडा कोणत्या सालचा

मे महिना आला की गणपतीपुळे, मालगुंड, जयगड या पट्ट्यातल्या वाड्यावाड्यांतून ट्रंका उघडल्या जातात. भीमजयंतीला किंवा बुद्धपौर्णिमेला गावी आलेली मुंबईकर मंडळी घरात असतात, पाऊस अजून लांब असतो, आणि वर्षभर दमट हवेत कोंडलेले कपडे अंगणात उन्हाला घातले जातात. आजोबांचा काळा कोट, वडिलांचे गिरणीत जाताना घालायचे शर्ट, आजीचे नऊवारी लुगडे, कुणाच्या तरी लग्नातला जरीचा ब्लाऊज. मग नवी सून किंवा शिकलेला नातू विचारतो, ‘‘हे अजून कशाला ठेवलंय?’’ आणि त्याच आठवड्यात दारात बोहारीण उभी राहते. कोट आणि दोन लुगड्यांवर स्टीलचा डबा मिळतो. डबा कामाचा असतो, यात शंका नाही. पण डब्याच्या बदल्यात काय गेले याचा हिशेब कोणी मांडत नाही.

तो हिशेब मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, ज्यांच्या घराण्यांच्या बखरी लिहिल्या गेल्या, ज्यांच्या आजा-पणज्यांची तैलचित्रे वाड्यात टांगली आहेत, त्यांना एखादा जुना अंगरखा गेला काय आणि राहिला काय, फरक पडत नाही. आपले तसे नाही. आपल्यापैकी किती घरांत पन्नास साली काढलेला फोटो आहे? किती घरांत पणजोबांच्या सहीचा कागद आहे? सही करायलाच शिकू दिले नव्हते, तर कागद कुठून येणार? पुष्कळ घरांत मागच्या पिढीची हाताला लागणारी एकमेव वस्तू म्हणजे ट्रंकेतला कपडा. आणि या कपड्यालाही आपल्याकडे एक वेगळाच इतिहास आहे. मनुस्मृतीने चांडाळांसाठी प्रेतावरची वस्त्रे हीच वस्त्रे ठरवून दिली होती. गावगाड्यात मयताचे कापड आणि वरच्या आळीतले उतरलेले कपडे हाच आपल्या वाडवडिलांचा पोशाख होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ती मनुस्मृती जाळली गेली. त्याच परिषदेत परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या आया-बहिणींपुढे भाषण केले. जातीची ओळख पटवणारी लुगडे नेसण्याची पद्धत टाका, अंगावरचे जाडजूड दागिने उतरवा, स्वच्छ राहा, असे त्यांनी सांगितले. महाडहून परतलेल्या स्त्रियांनी लुगडे नेसण्याची तऱ्हा बदलली. एका पिढीने अंगावरच्या कपड्याने केलेले हे बंड होते.

म्हणून आपल्या घरात पहिल्यांदा स्वतःच्या पगारातून, शिंप्याला माप देऊन शिवलेला कोट हा नुसता कोट नव्हे. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कोट, टोप्या आणि टाईपरायटर जपून ठेवले आहेत; वामनराव गोडबोले यांनी ते सांभाळले. पुण्याला सेनापती बापट मार्गावरच्या संग्रहालयात माईसाहेबांनी दिलेल्या बाबासाहेबांच्या वस्तू आहेत. ते कपडे पाहून आपले डोळे पाणावतात. मग त्या महामानवाच्या हाकेने ज्यांनी मान वर केली, त्या आपल्या आजा-आजीचा कपडा बोहारणीच्या बोचक्यात का जावा?

आता प्रश्न उरतो सालाचा. घरोघरी विचारा, प्रत्येक जुना पांढरा सदरा हा ‘‘छप्पन्न सालचा, दीक्षेचा’’ असतो. भावना समजते. पण भगवान बुद्धांनी कालामांना काय सांगितले? परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, कोणी मोठ्याने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासा. धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हणतात, ‘या आणि पाहा’. तर कपडाही पाहायला हवा.

आमच्या पंचक्रोशीतल्या एका विहारात बुद्धपौर्णिमेला जुन्या वस्तूंचे टेबल मांडले होते. त्यावर एक पांढरा सदरा होता आणि शेजारी पुठ्ठ्यावर लिहिले होते, ‘धम्मदीक्षा, नागपूर, १४ ऑक्टोबर १९५६’. कॉलेजला जाणाऱ्या एका मुलाने कॉलर उलटून पाहिली. आत शिंप्याचे लेबल होते, नाव, लालबाग आणि ‘मुंबई ४०० ०१२’. मुलगा म्हणाला, हा सदरा छप्पन्नचा असूच शकत नाही. थोडा गलबला झाला. दोघे-तिघे त्याच्या अंगावरही गेले की दीक्षेवर संशय घेतोस का म्हणून. ज्यांच्या घरचा सदरा होता त्या आजी मात्र शांत होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘सदरा ह्यांचाच हाय. पण नागपूरला गेले तेव्हा अंगात होता तो न्हवं. त्यो फाटला, त्याचा तुकडा वाकळंत गेला.’’ पुठ्ठा बदलला. ‘नागपूरला दीक्षा घेतलेल्या उपासकाचा सदरा, १९७२ नंतर शिवलेला’ असे लिहिले. मला विचाराल तर नवा पुठ्ठा जुन्यापेक्षा जास्त मोलाचा आहे, कारण तो कोणीही तपासला तरी टिकतो. आपल्या इतिहासावर शंका घ्यायला लोक टपलेलेच असतात. त्यांच्या हाती एक खोटा पुठ्ठा लागला की ते खऱ्या दहांवरही बोट ठेवतात.

त्या मुलाने काय पाहिले ते सांगतो. सहा आकडी पिनकोड आपल्या देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याआधी मुंबईचे पत्ते ‘मुंबई १२’, ‘मुंबई १४’ असे लिहीत. परळ-लालबागचा १२, दादर-नायगावचा १४. पिनकोड आल्यावर तेच आकडे ४०० ०१२ आणि ४०० ०१४ झाले. तेव्हा लेबलावर सहा आकडे असतील तर ते लेबल १९७२ च्या आधीचे नाही, इतके पक्के.

पण इथे एक मेख आहे आणि ती नीट समजून घेतली नाही तर सगळे गणित चुकते. पिनकोड असला म्हणजे कपडा १९७२ नंतरचा, हे बरोबर. पिनकोड नसला म्हणजे तो १९७२ आधीचा, हे मात्र बरोबर नाही. शिंपी लेबले एकदम हजारांनी विणून किंवा छापून घेतो. छोट्या दुकानदाराला तेवढी लेबले दहा-पंधरा वर्षे पुरतात. पत्ता बदलला, फोन बदलला, सरकारने पिनकोड काढला, तरी जुनी लेबले संपेपर्यंत तो तीच लावतो. फुकट कोण घालवणार? म्हणून लेबलावर जे आहे ते ‘याच्या आधीचे नाही’ एवढेच सांगते. जे नाही त्यावरून फक्त अंदाज करायचा आणि दुसरी खूण शोधायची. कचेरीत आवक-जावकचे शिक्के मारणाऱ्या माणसाला ही गोष्ट लवकर पटते. कागदावर शिक्का असला तर तारीख कळते, नसला तर नुसते ‘माहीत नाही’ असे लिहावे लागते.

पत्त्यातच आणखी खुणा सापडतात. आपल्या कोकणाच्या माणसाला उपयोगी पडेल अशी एक सांगतो. कणकवली, कुडाळ, सावंतवाडी, मालवण, वेंगुर्ला ही सगळी गावे १ मे १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होती. त्या दिवशी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. म्हणजे ‘मालवण, जि. रत्नागिरी’ असे लेबल छापून घेतले गेले ते १९८१ च्या आधी. आणि लेबलावर ‘जि. सिंधुदुर्ग’ असेल तर त्यानंतरच. तसेच महाडचे. महाड ज्या कुलाबा जिल्ह्यात होते त्याचे नाव १९८१ साली रायगड झाले. ‘महाड, जि. कुलाबा’ असे लेबल असलेला सदरा कोणाच्या ट्रंकेत असेल तर तो जपा. चवदार तळ्याच्या गावातल्या शिंप्याने तो शिवलेला आहे. लेबलावर ‘महाराष्ट्र’ हे राज्याचे नाव असेल तर ते १ मे १९६० नंतरचे. इंग्रजीत ‘बॉम्बे’ ऐवजी ‘मुंबई’ असेल तर बहुधा १९९५ नंतरचे, पण मराठी लेबलाला हा नियम लावू नये, कारण मराठीत मुंबई पहिल्यापासून मुंबईच होती.

पैसा आणि माप यांच्याही खुणा असतात. त्या लेबलापेक्षा कापडाच्या किनारीवर किंवा ताग्याच्या टोकाला मारलेल्या शिक्क्यात सापडतात. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नये पैसे झाले. १९६४ साली ‘नये’ हा शब्द गळून नुसते पैसे उरले. तेव्हा शिक्क्यात आणे असतील तर माल १९५७ च्या आधीचा किंवा त्या धामधुमीतला. ‘नये पैसे’ असतील तर या सात वर्षांतला. इतकी घट्ट तारीख फार थोड्या खुणा देतात. वार आणि मीटरचे तसे नाही. मेट्रिक मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि साठच्या दशकात गिरण्यांच्या शिक्क्यातून वार मागे पडला. बोलण्यातून मात्र तो गेला नाही. आजही आपण नऊवारी म्हणतो, आणि दुकानदार मोजून देतो ते सव्वाआठ मीटर.

मग कापड कशाचे आहे ते पाहावे. टेरिलीन हा धागा इंग्लंडात १९४१ साली शोधला गेला. आपल्या देशात तो ‘टेरीन’ नावाने साठच्या दशकाच्या मध्यापासून बनू लागला आणि मग टेरीकॉटचा सदरा हा गिरणी कामगाराच्या अंगावरचा मानाचा कपडा झाला. न चुरगळणारा, रात्री धुतला की सकाळी वाळणारा. तेव्हा कोणी टेरीकॉटचा सदरा छप्पन्न सालचा म्हणून दाखवला तर हसू नये, पण मानूही नये. लोकरीच्या कोटात सुताच्या गुंड्यासारखे गोल चिन्ह असलेले लेबल, म्हणजे वूलमार्क, असेल तर तो १९६४ नंतरचा. खादी आणि ग्रामोद्योग आयोग १९५७ साली स्थापन झाला, त्याचे नाव असलेले लेबल त्यानंतरचे. रेशमावरचा सिल्क मार्क २००४ चा आणि हातमागाचा हँडलूम मार्क २००६ चा. हे शेवटचे दोन सांगून ठेवले, कारण पैठणीला ‘आजीची’ म्हणून विकणारे महाभाग जत्रेत भेटतात.

गिरणीच्या शिक्क्याबद्दल मात्र जरा थांबून बोलले पाहिजे. आमच्या भागातून मुंबईला गेलेली बहुतेक माणसे परळ, लालबाग, नायगाव, वरळीच्या चाळींतून राहिली आणि गिरणीत लागली. पण गिरणीत सगळी खाती सगळ्यांना खुली नव्हती. पगार जास्त होता साचेखात्यात, म्हणजे विणकामात. आणि तिथेच आपल्या माणसाला मज्जाव होता. कारण काय, तर धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि आपल्या तोंडाचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. आपली माणसे कमी पगाराच्या रिंग खात्यात. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर मांडला आणि मागण्यांत तो घ्यायला लावला. तेव्हा त्या काळातल्या मुंबईच्या लुगड्यावरचा गिरणीचा शिक्का पाहताना ही गोष्ट आठवावी. सूत काढण्यात आपला हात होता. त्याच सुताचे कापड विणायला आपल्याला परवानगी नव्हती.

या शिक्क्यांवरून साल काढता येते, कारण गिरण्यांचे मालक बदलत गेले. ससून घराण्याच्या गिरण्या १९४३ साली विकल्या गेल्या आणि त्यांचे नाव इंडिया युनायटेड मिल्स झाले. तेव्हा किनारीवर ससूनचे नाव असेल तर तो कपडा स्वातंत्र्याच्या आधीचा, आणि इंडिया युनायटेड असेल तर १९४३ नंतरचा. पुढे १९७४ च्या कायद्याने आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यात इंडिया युनायटेड होती. शिक्क्यात ‘एन. टी. सी.’ म्हणजे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ आले ते या टप्प्यावर. टाटा, कोहिनूर यांसारख्या गिरण्या सरकारने ताब्यात घेतल्या त्या १९८३ साली, संपानंतर. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. किती घरे त्या संपाने परत गावाला धाडली हे आमच्या वाड्यांतल्या माणसांना सांगायला नको. पुष्कळ ट्रंकांमधले गिरणीचे कापड इथेच थांबते. त्यानंतरचे शर्ट दुकानातले आहेत.

आणि हीच इंडिया युनायटेड, सहा नंबरची, म्हणजे चैत्यभूमीजवळची आपली इंदू मिल. ६ डिसेंबर २०११ ला भीमसैनिक जिच्या आवारात शिरले आणि ११ ऑक्टोबर २०१५ रोजी जिथे बाबासाहेबांच्या स्मारकाची पायाभरणी झाली, ती जागा. तेव्हा कोणाकडे इंडिया युनायटेडच्या शिक्क्याचे एक फडके जरी असले, तरी ते टाकू नये.

‘‘आमच्याकडे लेबलच नाही, मग काय करायचे?’’ असे विचारणारे भेटतील. खरे आहे. गरिबाच्या घरात लेबल टिकत नाही. सदऱ्याची कॉलर झिजली की शिंप्याकडून ती उलटवून घेत. आतली बाजू बाहेर, आणखी दोन वर्षे सदरा चालला. त्या उलटापालटीत लेबल निघून जाई किंवा आतच शिवले जाई. म्हणून कॉलर उलटवलेली दिसली तर गळपट्टीवर बोटाने चाचपून पाहा, आत जाडसर चौकोन लागतो का. लागला तर उसवू नका, उजेडासमोर धरा. मोठ्या माणसाची पँट कापून मुलाची चड्डी झालेली असते, खिशाच्या आतल्या अस्तरावर तरीही जुना शिक्का राहतो.

लुगड्याला तर कॉलरच नाही. पण आमच्या आजींनी लुगडी कधी टाकली नाहीत, त्यांच्या वाकळा शिवल्या. कोकणातली जुनी वाकळ म्हणजे घराचे दप्तर आहे. वरचा थर फाटला की त्यावर नवे लुगडे घालून पुन्हा टाके घालत. म्हणजे सर्वांत जुने कापड सर्वांत आत. वाकळेच्या कडेला टाके सुटलेले असतील तिथून टॉर्च तिरका धरून आत पाहा. किनारीवरचा निळा किंवा काळा शिक्का पुसट दिसतो. वाकळ उसवायची मात्र नाही. ते टाकेही आजीच्याच हातचे आहेत. त्या विहारातल्या आजींची वाकळ नंतर आम्ही पाहिली. कडेला पांढऱ्या जाड कापडाचा एक थर दिसला, शिक्का काही सापडला नाही. त्यांचा शब्द आहे, आणि तो ‘असे घरात सांगतात’ म्हणून लिहून ठेवला आहे.

दुसरी चीज म्हणजे लष्करी ओव्हरकोट. खेड, दापोली, मंडणगड भागातून आपली माणसे पिढ्यान्पिढ्या पलटणीत गेली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हे मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचेच. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, आणि दुसऱ्या महायुद्धातले जाड लोकरीचे कोट गावोगावच्या घरांत आले. थंडी नसलेल्या कोकणात तो कोट पावसाळ्यात पांघरूण म्हणून वापरला जाई. लष्करी कपड्यावर गळ्याच्या आत किंवा आतल्या खिशाजवळ शिक्का असतो. माप इंचात, बनवणाऱ्याचे नाव आणि पुष्कळदा थेट साल. शाहजहांपूरचा सरकारी कपड्यांचा कारखाना १९१४ पासूनचा, त्याचे नावही आढळते. इथे तर्क लढवायला नको, नुसते वाचता यायला हवे.

परदेशात या विद्येचा मोठा धंदा झाला आहे. चार्ल्स वर्थ नावाच्या इंग्रज शिंप्याने १८५८ साली पॅरिसमध्ये दुकान काढले आणि चित्रकाराने सही करावी तशी कपड्यात आपल्या नावाची पट्टी शिवण्याची चाल पाडली. तिथून ‘डिझायनर’ लोकांच्या लेबलाला किंमत आली. आज तिकडे जुना झगा विकताना व्यापारी आधी मान उलटून लेबल पाहतो आणि त्यावरून हजारोंचा भाव सांगतो. मला त्या राण्यांच्या झग्यांत रस नाही. पण त्याच व्यापाऱ्यांना सर्वांत जास्त उपयोगी पडणारे दुसरे एक छोटे लेबल आहे, ते आपल्या वाचकांनी जाणून घ्यावे. ते कामगार संघटनेचे लेबल.

अमेरिकेत बायकांचे कपडे शिवणाऱ्या कामगारांची संघटना १९०० साली न्यूयॉर्कला स्थापन झाली. २५ मार्च १९११ रोजी त्या शहरातल्या ट्रँगल नावाच्या कारखान्याला आग लागली. दारे कुलूपबंद होती. १४६ माणसे मेली, बहुतेक परदेशातून पोट भरायला आलेल्या तरुण मुली. (दोनच वर्षांनी, १९१३ साली, त्याच न्यूयॉर्कला भीमराव आंबेडकर हा तरुण कोलंबिया विद्यापीठात शिकायला उतरला.) संघटना वाढली आणि तिने मालकांना भाग पाडले की आमच्या सभासदांनी शिवलेल्या कपड्यात आमचे लेबल लावा. त्या लेबलाची नक्षी वेळोवेळी बदलली. १९५५ साली अमेरिकेतल्या दोन मोठ्या कामगार महासंघांचे एकीकरण झाले, ते नाव त्यावर आले. १९७४ पासून ते लाल, पांढऱ्या, निळ्या रंगात आले. १९९५ साली संघटना दुसरीत विलीन झाली आणि ते लेबल थांबले. म्हणजे लाल-पांढरे-निळे लेबल दिसले की कपडा १९७४ ते १९९५ मधला. मालकाचे नाव पुसट झाले तरी कामगारांच्या सहीवरून कपड्याचे वय कळते. आपल्या गिरण्यांच्या कापडावर मालकाचा शिक्का आला, विणणाऱ्याचा कधीच आला नाही.

परदेशी लेबल आपल्याकडे दोन वाटांनी येते. एक आखातातून. रत्नागिरीतून आखातात गेलेल्यांनी आणलेले शर्ट आणि साड्या गावात फिरल्या आहेत. त्यावर ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर १९९० च्या आधीचे, कारण त्या साली दोन्ही जर्मनी एक झाल्या. धुण्याच्या सूचनांची शिवलेली पट्टी अमेरिकेत १९७२ पासून सक्तीची झाली, तेव्हा तीही एक खूण. दुसरी वाट पर्यटकांची. गणपतीपुळ्याच्या लॉजांत खोल्या साफ करणाऱ्या आपल्या भगिनींना कपाटात विसरलेला किंवा टाकून दिलेला शर्ट मिळतो. मालकाला विचारून घरी आणलेला असा शर्ट घालण्यात कमीपणा नाही, पण तो ‘जुना, मौल्यवान परदेशी’ म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर लेबल पाहा. पार्क अव्हेन्यू हे नाव बाजारात आले १९८६ साली, आणि पीटर इंग्लंड नाव इंग्रजी असले तरी आपल्या बाजारात आले ते १९९७ साली. शिवाय उल्हासनगरची ‘मेड इन यूएसए’ ही थट्टा सगळ्यांना माहीत आहेच. लेबल हे शिवलेले असते आणि जे शिवता येते ते उसवून दुसरीकडेही लावता येते. मूळ लेबलाच्या टाक्याचा दोरा आणि कॉलरचा दोरा जुळतो का, लेबलाखालचे कापड भोवतालच्यापेक्षा कमी विटलेले आहे का, हे पाहावे. विटलेले कापड आणि त्याखाली गर्द चौकोन दिसला तर लेबल पूर्वीपासून तिथेच आहे.

एक खूण परदेशी पुस्तकांत नाही, ती आपली आहे. धोब्याची खूण. कॉलरच्या आत काळ्या ठिपक्यांची किंवा रेघांची खूण असते, ती बिब्ब्याच्या रसाची. ती धुऊन जात नाही. तिने साल कळत नाही, पण एकाच घरातल्या चार कपड्यांवर तीच खूण सापडली तर ते एकाच चाळीत, एकाच धोब्याकडे जात होते एवढे समजते.

आता जपणुकीचे, हे भगिनींसाठी आणि तितकेच बंधूंसाठी. जुना कपडा सापडला की आधी धुवायला टाकू नका. नीळ, खळ, ब्लिच काही नको. खळीला तर कसर आधी लागते. इस्त्रीही नको. लेबल कापून वेगळे ठेवू नका, कपड्यापासून सुटलेले लेबल आणि लेबलावाचून कपडा दोन्ही मुके. कडक उन्हाऐवजी सावलीत, वाऱ्यावर तासभर पसरा. टाचण्या आणि सेफ्टी पिना काढून टाका, कोकणच्या हवेत त्या गंजतात आणि डाग कायमचा बसतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, आत ओल धरते आणि बुरशी येते. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, आमच्या या साप्ताहिकातही नाही, शाई उतरते. धुतलेल्या जुन्या सुती कापडात, मांजरपाटात गुंडाळा. लोखंडी ट्रंक असेल तर तळाला आणि बाजूंनी कापडाचा थर द्या. कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडीत बांधून ठेवा, डांबराच्या गोळ्या ठेवल्या तरी कपड्याला चिकटू देऊ नका. वर्षातून दोनदा घडी मोडून दुसऱ्या जागी घडी घाला, नाहीतर कापड घडीवरच तुटते.

लेबलाचा आणि शिक्क्याचा मोबाईलवर फोटो काढा, उजेड बाजूने येईल असा. आणि प्रत्येक कपड्यासोबत एक चिठ्ठी ठेवा. कोणाचा, कोणी दिला, लेबलावर काय लिहिले आहे ते अक्षर न् अक्षर, त्यावरून कोणत्या सालानंतरचा ठरतो, आणि घरातली वडील माणसे त्याबद्दल काय सांगतात. जे पाहिले ते आणि जे ऐकले ते वेगवेगळ्या ओळींत लिहा. चिठ्ठी पेन्सिलने लिहा. ओल लागली तर शाई कपड्यावर पसरते, पेन्सिल पसरत नाही.